जाब आणि जबाबदारी

‘जबाबदारी’ हा शब्द आपल्या भाषेत दफ्तराच्या वाटेने आला. सनदा, कैफियती आणि तहनामे यांतून वावरता वावरता तो घरगुती झाला, आणि आज एखादी आई थोरल्या मुलीवर धाकट्या भावाची जबाबदारी टाकून बाजारात जाते तेव्हा या शब्दाच्या पोटात ‘जबाब’ आहे, म्हणजे परत आल्यावर कोणीतरी विचारणार आहे आणि कोणालातरी सांगावे लागणार आहे, ही गोष्ट शब्दाची व्युत्पत्ती ठाऊक नसतानाही त्या दोघींना पुरती ठाऊक असते. ‘उत्तरदायित्व’ या संस्कृत घडणीच्या शब्दाचाही आशय तोच: उत्तर हे ज्याच्याकडून येणे आहे त्याची स्थिती. विदर्भातील संस्था, कारखाने आणि गावे यांनी समाजाशी व निसर्गाशी कसा व्यवहार ठेवला याचा शोध घेणाऱ्या प्रस्तुत लेखसंग्रहाची मुद्रिते प्रस्तावनेसाठी माझ्याकडे आली, तेव्हा प्रत्येक लेखाच्या समासात मी एकच प्रश्न लिहीत गेलो: येथे जाब विचारण्याचा अधिकार कोणाला आहे? या विषयाचा सारा इतिहास मला या एका प्रश्नाचा इतिहास वाटतो, आणि जो वाचक या क्षेत्रात नव्याने पाऊल टाकीत आहे त्याच्या हाती मी हाच धागा देणार आहे.

प्रारंभ नागपूरच्या पूर्वेकडील धानाच्या मुलखात करावा लागतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि काही अंशी नागपूर या जिल्ह्यांत मिळून सहा हजारांहून अधिक जुने तलाव आहेत. सरकारी कागदांत ते ‘माजी मालगुजारी तलाव’ असतात आणि बोलण्यात त्यांची आद्याक्षरे जुळून ‘मामा तलाव’ होतात. गोंड राजांच्या अमदानीत जो तलाव बांधील त्याला त्याखाली भिजणारी जमीन मिळे असे परंपरा सांगते, आणि पाळ कोठे घालावी, पाणी किती अडवावे व किती सोडावे ही विद्या कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जोपासली. १८६१ साली मध्यप्रांत अस्तित्वात आला, त्यानंतरच्या बंदोबस्तात मालगुजारांस गावाची मालकी मिळाली, आणि त्याच बंदोबस्तात गावोगाव एक कागद तयार झाला, त्याचे नाव ‘वाजिब-उल-अर्ज’. जे मांडणे योग्य आणि आवश्यक ते, असा त्या नावाचा अर्थ. सरपण कोणी कोठून आणावे, गुरे कोठे चारावीत, तलावाचे पाणी कसे वाटावे, मासे कोणी धरावेत, अशा गावाच्या रूढी त्यात नमूद होत, आणि जंगल, कुरण व पाणी यांवरील या नित्याच्या वहिवाटीला ‘निस्तार’ हे नाव रूढ झाले.

गोंदिया जिल्ह्यातील अशाच एका लहान तलावाच्या पाळीवर, धान गर्भात असताना आणि पावसाने पाठ फिरविलेली असताना, मी एकदा दुपारभर उभा होतो. पाळीच्या पोटात दगडी तुडुम होते, म्हणजे पाणी सोडण्याची वाट. तिला एकाखाली एक अशी भोके आणि प्रत्येक भोकाला लाकडी खुंटी. तलाव भरलेला असला की वरची खुंटी काढावयाची, आणि पाणी उतरत जाईल तसतशी खालची. ज्या वृद्ध गृहस्थाकडे गावाने हे काम सोपविले होते ते कंबरभर पाण्यात उतरून हाताने चाचपून खुंटी शोधीत होते आणि पाळीवर चारपाच शेतकरी थांबले होते. त्यांतला एक तरुण जरा चढ्या आवाजात म्हणाला, “बाबाजी, काल माझ्या बांधीत पाणी का नाही पोचलं?” बाबाजींनी मान वर न करता सांगितले की वरच्या बांधीची धुरी, म्हणजे वरच्या धानशेताचा बांध, रात्री फुटली होती, ती सकाळी बांधली, आता त्याच्याआधी दुसऱ्या कोणाला पाणी जाणार नाही. तरुण खाली बसला. मी जबाबदारीवर पुष्कळ वाचले आहे, परंतु प्रश्न, उत्तर आणि उपाय हे तिन्ही एका हाकेच्या अंतरात असल्याचे असे दृश्य मला पुन्हा क्वचितच दिसले.

हे चित्र रम्य करून सांगण्याचा मोह मात्र आवरला पाहिजे. मालगुजारीत वेठबिगार होती, पाण्याच्या वाटणीत जातीची उतरंड होती, आणि ज्याच्या जमिनीची व वहिवाटीची नोंदच झाली नव्हती त्याचा अर्ज वाजिब ठरत नव्हता. १९५० च्या कायद्याने ३१ मार्च १९५१ पासून ही पद्धती नष्ट झाली ते न्याय्यच झाले. पण त्या दिवशी तलावही शासनाकडे गेले. गावकऱ्यांचे हक्क निस्तारपत्रकात उतरले, आणि गाळ उपसण्याचे व पाळीवर माती टाकण्याचे काम गावाकडून सुटून अशा खात्याकडे गेले की ज्याचे कार्यालय तालुक्याला किंवा जिल्ह्याला बसे. गाळ साचत गेला, पाळींवर बेशरमाची झुडपे माजली, आणि पाळीवरून विचारलेला प्रश्न ज्याच्या कानी पडावा असा माणूस बहुतेक गावांत उरला नाही. अन्यायी सत्ता घालविताना तिच्याशी जखडलेले कर्तव्य कोणाच्या हाती द्यावे याचा विचार राहून गेला, आणि त्या विसराची किंमत धानाचा शेतकरी अद्याप देत आहे.

दुसरा प्रवाह कारखान्याचा. १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीस हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून ज्या दिवशी घोषित करण्यात आले त्याच दिवशी, जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. जुम्मा तलावालगतची दलदलीची जमीन भरून काढून ही गिरणी उभी राहिली आणि बेझनजी मेहता यांच्या हाती तिचा कारभार आला. कापूस जवळ, कोळसा आवाक्यात, रेल्वे दाराशी, अशी सारी अनुकूलता असताना अडचण निघाली ती माणसांची: शेतीच्या लयीत वाढलेला कामगार पेरणीला, लग्नसराईला, सणाला गावी निघून जाई आणि साचे उभे राहत. त्यावर जमशेटजींनी दंडाचा उपाय केला नाही. त्यांनी गिरणीत हवा खेळती व दमट ठेवण्याची आणि आग विझविण्याची यंत्रे बसविली; १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी काढला आणि १८९५ मध्ये अपघातात सापडलेल्या कामगारास भरपाई देण्याची योजना आणली. कामगार नुकसानभरपाईचा कायदा या देशात १९२३ साली झाला, हे ध्यानात घेतले म्हणजे या पावलाचे मोल कळते.

ही कृती स्वार्थाची की परमार्थाची, असा वाद काही अभ्यासक घालतात. मला तो वाद निष्फळ वाटतो, कारण ज्याच्या हातापायांवर आपला नफा उभा आहे त्याचे हातपाय सांभाळणे ज्याला कळले त्याचा हेतू मिश्र असला तरी कामगाराच्या घरातली चूल त्यामुळे पेटती राहिली. खरा प्रश्न निराळा आहे. निधी काढणारा मालक होता आणि तो बंद करण्याचा अधिकारही मालकाचाच होता. कामगाराला मिळाले ते मोठे होते, परंतु मागण्याचा हक्क त्यात नव्हता. तो हक्क नागपुरात पुढे संघटनांनी आणि संपांनी मिळविला, आणि रा. स. रुईकरांसारख्या पुढाऱ्यांची नावे त्या लढ्याशी जोडलेली आहेत. जुन्या नागपूरकरांना गिरणीचा भोंगा आठवतो. पाळ्यांप्रमाणे स्वयंपाक, शाळा आणि दुकानांची दारे त्या आवाजावर चालत. १९८६ मध्ये गिरणी राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये बंद झाली. जेथे साचे चालत तेथे आज व्यापारी संकुल आहे. शंभराहून अधिक वर्षे एका शहराचे घड्याळ झालेला उद्योग निघून जातो तेव्हा त्या शहराचे तो काय देणे लागतो, हा प्रश्न आपल्या कोणत्याही कायद्याने पुरता विचारलेला नाही, आणि या संग्रहातील एका लेखाने तो विचारला याबद्दल मी लेखकाचा आभारी आहे.

तिसरा प्रवाह वर्ध्याचा. गांधीजी १९३४ मध्ये वर्ध्याला आणि १९३६ मध्ये शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहावयास आले. जमनालाल बजाजांसारखा व्यापारी त्यांचा यजमान झाला. धनिकाने स्वतःस संपत्तीचा स्वामी न समजता समाजाच्या वतीने ती सांभाळणारा विश्वस्त समजावे, हा विचार गांधीजींनी आधीच मांडला होता, पण वर्ध्याच्या परिसरात त्याला आचाराचे रूप येताना पाहावयास मिळाले: १९२८ साली जमनालालजींनी तेथील लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांसाठी खुले केले होते. मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा ग्रामोद्योगाचा संसार मांडून बसले होते आणि जे खर्चिले असता पुन्हा भरून येते व जे एकदा खर्चिले की संपते, या दोहोंतील भेदावर अर्थव्यवस्था उभी केली पाहिजे असे सांगत होते. कोळसा आणि मँगनीज यांच्या खाणींनी वेढलेल्या प्रदेशात हा विचार जन्मास यावा यात मला औचित्य दिसते.

विश्वस्ताच्या या विचारावरील सर्वांत कठोर आक्षेपही नागपूरशी निकटचा संबंध असलेल्या पुरुषाचा आहे. विश्वस्तवृत्तीवर विसंबून राहण्यास बाबासाहेब आंबेडकरांनी स्पष्ट नकार दिला. ज्यांना शतकानुशतके इतरांच्या सद्‌बुद्धीची वाट पाहावयास लावले, त्यांना आणखी एका सद्‌बुद्धीवर सोपविणे त्यांना मान्य होणे शक्य नव्हते. १९४२ च्या जुलैत नागपुरात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली आणि त्याच महिन्यात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरखात्याचे सदस्य झाले. त्यांच्या कारकिर्दीत कारखान्यातील कामाचा आठवडा अट्ठेचाळीस तासांवर आणण्याचा कायदा १९४६ साली झाला. मालकाने दिलेली सवलत आणि कायद्याने दिलेला हक्क यांतील अंतर ते हे. गांधीमार्ग देणाऱ्याच्या अंतःकरणाला हात घालतो आणि आंबेडकरमार्ग मागणाऱ्याच्या हाती कागद देतो. मला विचाराल तर दुसऱ्याशिवाय पहिला टिकत नाही, असे माझे मत झाले आहे. पण कागद हाती असूनही अंतःकरण नसेल तर काय होते याचीही उदाहरणे पुढे येतीलच.

याच भूमीवर काही संस्था अशा उगवल्या की ज्यांनी हा वाद न घालता कामाला हात घातला. १९२१ साली कमलाताई होस्पेट यांनी नागपुरात मातृसेवा संघ काढला तो बाळंतपणात मरणाऱ्या स्त्रियांसाठी. १९४९ साली बाबा आमटे यांनी वरोऱ्यानजीक महारोगी सेवा समिती स्थापन केली, आणि आनंदवनात ज्यांना गावाने टाकले तेच शेती पिकवू लागले, घरे बांधू लागले. ज्याच्याकडे समाजाने दयेचा विषय म्हणून पाहिले तोच कर्ता झाला, एवढी एक गोष्ट आनंदवनाने सिद्ध केली आणि ती पुरेशी आहे.

परदेशात हा विषय शास्त्र म्हणून मांडला गेला तो बराच उशिरा. अमेरिकेत हॉवर्ड बोवेन यांनी १९५३ मध्ये उद्योजकाच्या सामाजिक कर्तव्यावर ग्रंथ लिहिला. १९७० मध्ये मिल्टन फ्रीडमन यांनी नियमांच्या चौकटीत राहून नफा वाढविणे हेच उद्योगाचे सामाजिक कर्तव्य होय, असे बजावले. १९८४ मध्ये एडवर्ड फ्रीमन यांनी कामगार, ग्राहक, पुरवठादार, शेजारी या सर्वांचा उद्योगात वाटा आहे असे प्रतिपादन केले. त्याच १९८४ च्या डिसेंबरात, नागपूरपासून एका रात्रीच्या प्रवासावर असलेल्या भोपाळात, विषारी वायूने सहस्रावधी माणसे मारली, आणि शेजाऱ्याचा वाटा म्हणजे काय याचा अर्थ साऱ्या जगाला ग्रंथाविना कळला. १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा त्या राखेतून निघाला. नागपुरात तोवर या विषयाची प्रयोगशाळा पाय रोवून उभी होती: १९५८ साली सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीसाठी स्थापन झालेली संस्था १९७४ पासून ‘नीरी’ या नावाने पाणी, हवा आणि मैला यांचे मोजमाप करीत होती.

२०१३ च्या कंपनी कायद्याने या इतिहासाला नवे वळण दिले. पाचशे कोटींची निव्वळ मालमत्ता, हजार कोटींची उलाढाल किंवा पाच कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक कसोटी पार करणाऱ्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचा किमान दोन टक्के भाग समाजकार्यावर खर्चिला पाहिजे, असे १३५ वे कलम सांगते. १ एप्रिल २०१४ पासून ते अमलात आले. तेव्हापासून ‘सीएसआर’ ही तीन अक्षरे खेड्यातल्या मुख्याध्यापकालाही पाठ झाली आहेत. शाळेला बाके मिळाली, दवाखान्याला गाडी मिळाली, गावाला शुद्ध पाण्याचे यंत्र मिळाले. हे सारे हवेच होते. परंतु या कायद्यात एक बारकावा आहे, त्याकडे वाचकाने लक्ष द्यावे. कंपनी आपल्या नित्याच्या व्यवसायाच्या ओघात जे करते ते या खर्चात धरले जात नाही. म्हणजे उरलेला अठ्ठ्याण्णव टक्के नफा कसा मिळविला, धूर किती सोडला, पाणी कोठले उचलले व कसे परत केले, यांचा हिशेब दुसऱ्या वहीत, दुसऱ्या खात्याकडे. आणि बाके दिल्याचा समारंभ मात्र पहिल्या वहीत. दोन्ही वह्या शेजारी ठेवून वाचणारा कोणी नेमलेला नाही.

नागपूरच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेडा येथील कोळशावरच्या वीजकेंद्रांत त्या दोन वह्या एकत्र वाचता येतात. आपल्याकडील कोळशात राखेचे प्रमाण शेकडा तीस ते चाळीस असते, म्हणून शंभर टन कोळसा जाळला की तीसचाळीस टन राख उरते. ती पाण्यात कालवून नळांवाटे बंधाऱ्यात नेऊन साठवितात. १६ जुलै २०२२ रोजी अतिवृष्टीत खसाळ्याचा राख बंधारा फुटला आणि राखेचा लोट शेतांत व नदीनाल्यांत गेला. राखेचा पूर्ण वापर व्हावा अशी अधिसूचना केंद्राने १९९९ साली काढली होती आणि तेवीस वर्षांनी हे घडले. पण याच कोराडीच्या नावावर एक उत्तम गोष्टही जमा आहे: भांडेवाडी येथे नागपूरच्या सांडपाण्यावर प्रक्रिया होऊन ते पाणी वीजकेंद्राकडे जाते, आणि पेंच धरणाचे तेवढे पाणी माणसांसाठी वाचते. महानगरपालिका आणि महानिर्मिती या दोन सार्वजनिक संस्थांनी एकमेकींचा भार असा हलका केला. तेच शहर, तीच केंद्रे, आणि दोन इतकी भिन्न वर्तने! पाण्याच्या बाबतीत लेखी करार होता आणि त्याचे मोजमाप रोज दोन्ही पक्ष करीत होते. राखेच्या बाबतीत दुसरा पक्ष म्हणजे बंधाऱ्याखालचा शेतकरी, आणि त्याच्याशी कोणी करार केलेला नव्हता.

त्याला बोलता यावे म्हणून जनसुनावणी ठेवलेली आहे. तीस दिवस आधी जाहिरात, अहवालाचा सारांश मराठीत, जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी अध्यक्षस्थानी, शेवटी इतिवृत्ताचे वाचन, असा तिचा विधी आहे. २९ मे २०२३ रोजी कोराडीच्या नव्या संचांसाठी अशी सुनावणी झाली आणि ती वादळी ठरली. माझा अनुभव असा की अशा मंडपात माणूस ध्वनिक्षेपकापुढे उभा राहतो तेव्हा प्रकल्पाविषयी बोलण्याआधी तो आपल्या घराच्या छपराविषयी, वाळत घातलेल्या मिरच्यांविषयी, मुलाच्या खोकल्याविषयी बोलतो, आणि लिहून घेणाऱ्याला त्यात ‘मुद्दा’ सापडत नाही. तांत्रिक अहवालाची भाषा आणि छपराची भाषा यांच्यामध्ये दुभाषा हवा. या संग्रहातील लेखकांनी ते काम मनोभावे केले आहे.

समाज स्वतःच स्वतःस जाब विचारू शकतो काय, याचे उत्तर गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गोंड गावाने दिले. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सहवासात या गावाने अभ्यासगट चालविले आणि बहुमताऐवजी सर्वसहमतीने निर्णय घेण्याची शिस्त लावून घेतली. २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर त्यांचा सामूहिक हक्क मान्य झाला, आणि २०११ च्या एप्रिलमध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. ज्या जंगलातून घरापुरता बांबू आणतानाही भय वाटावे, त्याच जंगलाच्या विक्रीचा हिशेब आता गाव सभेत बसून ऐकते. शंका एकाने जरी काढली तरी निर्णय थांबतो. वेळ लागतो, हे खरे. पण वेळ लागू देणे हीच येथे जबाबदारी आहे.

हा विषय आजच का, असे कोणी विचारील. सुरजागडच्या लोहखनिजाने आणि कोनसरीच्या पोलाद कारखान्याने गडचिरोलीचे रूप पालटू लागले आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांच्या पावसाने अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी तिच्या बुजविलेल्या वाटा शोधीत घराघरांत शिरली. त्यानंतर नागरिक उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेले. सेबीने २०२२-२३ पासून पहिल्या हजार सूचीबद्ध कंपन्यांस सामाजिक व पर्यावरणीय व्यवहाराचा वार्षिक अहवाल सक्तीचा केला आहे. अहवाल भागधारकाला पोचतो. बांधीच्या धन्याला तो कोणी वाचून दाखवीत नाही, आणि ज्या भाषेत तो लिहिला जातो ती त्याची नाही.

संपादकांनी म्हणून या ग्रंथात कंपन्यांची प्रशस्ती किंवा निंदा यांपैकी काहीही संकलित केलेले नाही. प्रत्येक लेखात एक जागा, एक संस्था किंवा एक गाव घेतले आहे, आणि तेथे कोणी कोणास काय विचारले व काय उत्तर मिळाले एवढेच शांतपणे मांडले आहे. काही लेखांत उत्तर मिळालेच नाही, आणि लेख तेथेच थांबतो; अशा लेखांना शेवट जोडण्याचा आग्रह मी धरला नाही. शेतमालाच्या बाजाराविषयी आणि वस्त्रोद्योगाच्या दुसऱ्या पर्वाविषयी अधिक यावयास हवे होते, ही उणीव मी संपादकांना कळविली आहे.

परिशिष्टात जुन्या निस्तारपत्रकांतील काही पाने जशीच्या तशी छापली आहेत. ती घाईने उलटू नयेत. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या तिसऱ्या कलमात सामूहिक हक्कांची गणना करताना त्या इंग्रजी कायद्यात ‘निस्तार’ हा आपला जुना शब्द तसाच ठेवला आहे, आणि त्या एका शब्दाच्या आधाराने जंगलावरचा दावा मांडता येतो. ज्या वाचकाचे गाव या पूर्वेकडच्या जिल्ह्यांत असेल त्याने तलाठ्याकडे किंवा तहसिलीच्या अभिलेखात आपल्या गावाचे पत्रक मागावे, आणि तलावाच्या रकान्यात काय लिहिले आहे ते पाळीवर नेऊन मोठ्याने वाचावे.